‘हाय फ्लाइट’: शोकाचा अधिकार आणि कवितेची स्वायत्तता

१

युद्धात मरण पावलेल्या तरुण कवीचे लेखन समोर आले की समीक्षकाची कुचंबणा होते. उणिवा दाखवाव्यात तर मृताची अवहेलना केल्यासारखे वाटते. न दाखवाव्यात तर मूल्यमापनाची जागा श्रद्धांजली घेते. या पेचातून सुटण्याचे दोन मार्ग आपल्या समीक्षेला परिचित आहेत. एक, कवीचे चरित्र बाजूला ठेवून संहितेकडे केवळ संहिता म्हणून पाहणे. दोन, कवितेला चरित्राचा आणि काळाचा दस्तऐवज मानून तिचा सौंदर्यविचार तात्पुरता स्थगित ठेवणे. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात अलौकिकतावादी व लौकिकतावादी अशा ज्या दोन ध्रुवांची चर्चा केली आहे, त्यांच्याशी हे मार्ग स्थूलमानाने जुळतात. प्रस्तुत लेखात ज्या कवितेचा विचार करावयाचा आहे तिच्या बाबतीत मात्र हे दोन्ही मार्ग अपुरे पडतात, असे मला वाटते. ते का अपुरे पडतात हे पाहणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ही कविता म्हणजे जॉन गिलेस्पी मगी (धाकटा) याचे ‘हाय फ्लाइट’ हे सुनीत. मगीचा जन्म ९ जून १९२२ रोजी शांघाय येथे झाला. वडील अमेरिकन एपिस्कोपल पंथाचे मिशनरी, त्यांचेही नाव जॉन गिलेस्पी मगी. आई इंग्रज, तीही मिशनकार्यासाठीच चीनमध्ये आलेली. चार भावांत हा थोरला. बालपण नानकिंगमध्ये, शिक्षण इंग्लंडमधील रग्बी शाळेत. याच शाळेत पूर्वी रूपर्ट ब्रुक शिकला होता आणि पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या या कवीचा मगीवर मोठा प्रभाव होता. शाळेचे जे कवितेचे पारितोषिक ब्रुकला मिळाले होते, तेच पुढे मगीलाही मिळाले. १९३९ मध्ये तो अमेरिकेत आला आणि युद्ध सुरू झाल्यामुळे तिथेच अडकला. येल विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळूनही तो तिकडे गेला नाही. अमेरिका अद्याप युद्धात उतरली नव्हती. म्हणून ऑक्टोबर १९४० मध्ये तो कॅनडाच्या हवाई दलात दाखल झाला. पुढील वर्षी ब्रिटनमध्ये तो स्पिटफायर विमान चालवू लागला.

३ सप्टेंबर १९४१ रोजी आईवडिलांना लिहिलेल्या पत्राबरोबर त्याने एक कविता पाठवली. तीस हजार फुटांवर तिची सुरुवात झाली आणि खाली उतरल्यावर थोड्याच वेळात ती पूर्ण झाली, एवढी माहिती त्याने पत्रात दिली होती. त्यानंतर सुमारे शंभर दिवसांनी, ११ डिसेंबर १९४१ रोजी, इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात ढगांतून खाली येत असताना त्याच्या विमानाची दुसऱ्या विमानाशी टक्कर झाली. त्याने विमानातून उडी घेतली. परंतु पॅराशूट उघडण्याइतकी उंची उरलेली नव्हती. तेव्हा त्याचे वय १९ वर्षांचे होते. स्कॉपविक या खेड्यात त्याला पुरण्यात आले. त्याच्या थडग्यावर या कवितेची पहिली आणि शेवटची ओळ कोरलेली आहे.

२

प्रथम कविता. सुनीताच्या चौदा ओळींची मगीने केलेली मांडणी लक्षणीय आहे. पहिल्या आठ ओळींत तो शेक्सपिअरच्या पद्धतीप्रमाणे एकाआड एक यमके योजतो; पुढील सहा ओळींत मात्र अखेरचे द्विपदीचे कुलूप न लावता यमके एकमेकांत गुंफत नेतो. शेक्सपिअरच्या सुनीतातील शेवटची द्विपदी विचाराला निष्कर्षापाशी आणून ठेवते. मगीला निष्कर्ष नको आहे, चढण हवी आहे. म्हणून त्याने ही रचना मध्येच सोडून दिली असावी. वर जाणारी गती शेवटच्या शब्दापर्यंत थांबू नये, ही कवितेची आंतरिक गरज आहे आणि यमकबंध ती गरज भागवतो. एकोणीस वर्षांच्या मुलाची ही जाण उपेक्षणीय नाही.

कवितेतील क्रियापदे पाहिली तर ती बहुतेक सर्व पूर्ण झालेल्या कृतींची आहेत. पृथ्वीच्या बंधनातून सुटणे, सूर्याच्या दिशेने चढणे, ढगांमध्ये घिरट्या घेणे, वाऱ्याचा पाठलाग करणे, पक्ष्यांनाही अगम्य अशा उंचीवर पोहोचणे आणि अखेरीस ईश्वरस्पर्शाची अनुभूती घेणे: हे सारे करून आलेला माणूस ते सांगत आहे. कथन प्रथमपुरुषी आहे. मध्ये एकदाच द्वितीयपुरुषी सर्वनाम येते: ज्यांची तुम्ही स्वप्नातही कल्पना केली नसेल अशा गोष्टी मी केल्या, या आशयाच्या विधानात. शाळेच्या पुस्तकात किंवा स्मारकावर ही कविता वाचणाऱ्याला हा ‘तुम्ही’ म्हणजे जमिनीवरील कोणीही माणूस वाटतो. ती पत्रासोबत वाचणाऱ्याला या सर्वनामाचे धनी ठाऊक असतात. दूरदेशी असलेला मुलगा आईवडिलांना थोड्याशा बढाईने सांगतो आहे, की मी काय काय केले याची तुम्हांला कल्पनाही येणार नाही.

कवितेत काय नाही, हेही पाहिले पाहिजे. स्पिटफायर हे लढाऊ विमान. पण कवितेत शत्रू नाही, बंदूक नाही, युद्ध हा शब्दही नाही. मृत्यूचा उल्लेख किंवा सूचना नाही. घर, माणसे, देश यांपैकी काही नाही. संस्कृत काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर ही अद्भुतरसाची कविता आहे. विस्मय हा तिचा स्थायीभाव, आणि भरताने अद्भुताच्या विभावांत दिव्यदर्शनाबरोबर विमानाचाही निर्देश केलेला आहे, हा योगायोग मनोरंजक म्हणावा लागेल. करुणाची एकही सामग्री या चौदा ओळींत सापडत नाही.

३

ही कविता संपूर्णतः मगीची नाही, हे येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. १९३८ मध्ये लंडनहून ‘इकॅरस’ नावाचे उड्डाणविषयक कवितांचे एक संकलन प्रसिद्ध झाले होते. क्रॅनवेल येथील हवाई दलाच्या महाविद्यालयाशी संबंधित मंडळींनी ते सिद्ध केले होते. त्यातील कथबर्ट हिक्स याच्या आंधळ्या माणसाच्या विमानप्रवासावरील कवितेचा अखेरचा शब्दसमूह आणि मगीच्या कवितेचा अखेरचा शब्दसमूह एकच आहे. त्याच संकलनातील जी. डब्ल्यू. एम. डन याच्या कवितेतील काही शब्दबंधही ‘हाय फ्लाइट’मध्ये आढळतात. म्हणजे ज्या ओळीसाठी ही कविता जगभर ओळखली जाते, ती ओळ ऐन कळसाच्या ठिकाणी उसनी आहे.

याकडे तीन प्रकारे पाहता येईल. वाङ्मयचौर्य म्हणून कवितेचे मोल कमी करावे, हा पहिला प्रकार. आंतरसंहितात्मकतेचा सिद्धान्त पुढे करून, प्रत्येक संहिता ही इतर संहितांचे विणकामच असते, असे म्हणून मोकळे व्हावे, हा दुसरा. यांपैकी पहिला निष्कारण कठोर आहे आणि दुसरा इतका सर्वसमावेशक आहे की या विशिष्ट उसनवारीविषयी तो काहीच सांगत नाही. तिसरी दिशा मला अधिक उपयुक्त वाटते. मगीने ही कविता कोणत्याही नियतकालिकाकडे पाठवली नव्हती. घरी पाठवली होती. घरच्या पत्रात माणूस आपल्याला आवडलेले शब्द वापरतो आणि ते कोणाचे याचा हिशेब ठेवत नाही. खाजगी पत्रातील उसनवारी हा दोष ठरत नाही. ते पत्र सार्वजनिक संहिता झाले की दोषाचा प्रश्न उत्पन्न होतो. दोष असलाच तर तो लेखनाच्या क्षणी नाही, स्थानांतराच्या क्षणी आहे. आणि हे स्थानांतर मगीने केलेले नाही.

४

ते कसे झाले हे आता पाहू. थोरले मगी १९४० मध्ये चीनहून परतले होते आणि वॉशिंग्टनमधील लफायेट चौकातल्या सेंट जॉन्स चर्चमध्ये सेवा करीत होते. मुलाची कविता त्यांनी चर्चच्या पत्रकातून छापली. मुलगा गेल्यानंतर ती वृत्तपत्रांत आली. अमेरिका नुकतीच युद्धात उतरली होती. मगीच्या मृत्यूच्याच दिवशी जर्मनीने अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले. फेब्रुवारी १९४२ मध्ये कवी आर्चिबाल्ड मॅक्लीश, जे त्यावेळी लायब्ररी ऑफ काँग्रेसचे प्रमुख होते, त्यांनी ‘फेथ अँड फ्रीडम’ या प्रदर्शनात या कवितेचा समावेश केला. त्याच वर्षी हर्मन हॅगडॉर्नने मगीचे चरित्र प्रसिद्ध केले. म्हणजे मृत्यूनंतर वर्षभराच्या आत एका कौटुंबिक पत्रातील मजकूर राष्ट्रीय संहिता होऊन बसला.

पुढील प्रवास सर्वश्रुत आहे. अमेरिकेतील अनेक दूरचित्रवाणी केंद्रे रात्रीचे प्रक्षेपण संपवताना ही कविता ऐकवीत असत. १९६६ मध्ये मायकेल कॉलिन्सने ‘जेमिनी १०’ या अंतराळयानातून तिची प्रत सोबत नेली. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर नष्ट होऊन सात अंतराळवीर मरण पावले. त्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी आपल्या भाषणाचा शेवट या कवितेच्या पहिल्या व शेवटच्या ओळींतील शब्दांनी केला. पेगी नूनन यांनी लिहिलेले ते भाषण अमेरिकन वक्तृत्वाचा नमुना मानले जाते.

या भाषणात कवितेचे जे झाले ते समीक्षेच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. मधल्या बारा ओळी गळून पडल्या आणि पृथ्वीच्या बंधनातून सुटणे व ईश्वराला स्पर्श करणे ही दोन टोके जोडली गेली. मधला खेळ, घिरट्या, वाऱ्याशी मस्ती, म्हणजे जे काही पोरसवदा होते ते सारे गेले. उरले ते सरळ स्वर्गारोहण. थडग्यावरही याच दोन ओळी आहेत. मूळ कवितेत बंधनातून सुटणे हा आनंदाचा उद्गार आहे. दोन ओळींच्या या संक्षेपात तो मृत्यूचा पर्याय होतो. आपली परंपरा शोकाचा श्लोक झाल्याचे सांगते. येथे श्लोक आधी आला आणि शोक मागाहून त्याला जोडला गेला. विलापिका म्हणून न लिहिलेली कविता विलापिका म्हणून वाचली गेली. अद्भुताचा करुण झाला, आणि हा बदल शब्दांत नव्हे, वाचकाच्या माहितीत घडला.

छायाचित्रावरील आपल्या पुस्तकात (१९८०) रोलाँ बार्थने मृत्युदंडाची वाट पाहणाऱ्या एका तरुणाच्या छायाचित्राची चर्चा केली आहे. हा मेलेला आहे आणि हा मरणार आहे, हे दोन काळ पाहणाऱ्याला एकाच वेळी जाणवतात, असे त्याचे निरीक्षण आहे. ‘हाय फ्लाइट’च्या वाचकाचे तेच होते. १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा करणाऱ्या बार्थलाच पुढे मृत्यूच्या माहितीवाचून पाहणे अशक्य व्हावे, यात केवळ विसंगती नाही; स्वायत्ततेच्या सिद्धान्ताची मर्यादा तिथे उघड होते.

५

आता पत्राकडे परत येऊ. मगीने पत्रात लिहिलेल्या त्या माहितीत एक तपशील असा आहे की जो कवितेत नाही: विमान खाली उतरल्याचा. कविता वर जाते आणि वरच संपते. तिच्यात उतरणे नाही. पत्र मात्र सांगते की कविता पूर्ण झाली ती जमिनीवर आल्यानंतर. आईवडिलांनी प्रथम जे वाचले ते या दोहोंचे मिळून एक लेखन होते: मुलगा फार उंच गेला, त्याने तिथे काहीतरी विलक्षण अनुभवले, आणि तो सुखरूप खाली आला. मागे राहिलेल्या माणसांच्या दृष्टीने या तिन्हींपैकी शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. राष्ट्राने कविता घेतली आणि पत्र सोडले, तेव्हा नेमके हे उतरणेच वगळले गेले. उतरणे वगळल्यावाचून ती कविता स्मारकावर कोरता आली नसती.

अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या विघ्नांमध्ये विशिष्ट देशकालाचा आवेश आणि आपल्याच सुखदुःखाने विवश होणे, या दोहोंची गणना केली आहे. त्या निकषावर मगीचे आईवडील हे या कवितेचे सर्वांत अपात्र वाचक ठरतील. त्यांना साधारणीकरण शक्य नाही; कवितेतील ‘मी’ त्यांच्यासाठी सदैव एक विशिष्ट मुलगाच राहणार. हे शास्त्रदृष्ट्या बरोबर आहे. परंतु ज्या वाचकांना आपण सहृदय समजतो त्यांनी साधारणीकरणाच्या नावाखाली काय केले, हेही पाहावे लागेल. त्यांनी एका मुलाचा आनंद सर्वसाधारण वीरमरणात विरघळवला. विघ्नाने ग्रासलेल्या वाचकाला कवितेतील ‘तुम्ही’ नीट ऐकू आला. निर्विघ्न वाचकाला तो ऐकूच आला नाही. म्हणून देशकालविशेष हा प्रत्येक वेळी आस्वादातील अडथळाच असतो असे मानता येत नाही. काही संहितांमध्ये तो अर्थाचाच घटक असतो आणि तो दूर सारल्यास संहिता शुद्ध होत नाही, बदलते.

६

या कुटुंबाकडे युद्धाविषयीचे आणखी एक लेखन होते. ते शब्दांत नव्हते. डिसेंबर १९३७ मध्ये जपानी सैन्याने नानकिंग घेतले तेव्हा थोरले मगी तिथेच राहिले होते. जखमींच्या शुश्रूषेसाठी स्थापन झालेल्या रेड क्रॉस समितीचे ते अध्यक्ष होते. सोळा मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने त्यांनी रुग्णालयातील जखमी नागरिकांचे चित्रण केले. ते चोरून बाहेर नेण्यात आले आणि त्यातील काही चित्रे १९३८ मध्ये ‘लाइफ’ या साप्ताहिकात छापली गेली. १९४६ मध्ये टोकियो येथील आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणापुढे त्यांनी साक्ष दिली. प्रत्यक्ष आपल्या डोळ्यांसमोर घडलेली हत्या एकच पाहिली, असे त्यांनी उलटतपासणीत सांगितले. पाहिलेले आणि ऐकलेले यांची त्यांनी सरमिसळ होऊ दिली नाही. १९५३ मध्ये ते वारले. त्यांचा कॅमेरा पुढे मगीच्या एका धाकट्या भावाने नानकिंगच्या स्मारक संग्रहालयाला दिला, आणि हे चित्रण ज्या कागदपत्रांत समाविष्ट आहे त्यांची नोंद २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटावर झाली.

नानकिंगवर ऑगस्ट १९३७ पासून विमानांतून बॉम्ब पडत होते. विमान म्हणजे काय, हे या घराला दोन बाजूंनी ठाऊक होते: वडिलांना खालून, मुलाला वरून. वडिलांच्या चित्रणात जखमी देह आहेत आणि चित्रण करणारा स्वतः कुठेही नाही. मुलाच्या कवितेत केवळ ‘मी’ आहे आणि दुसरा देह कुठेही नाही. या दोन लेखनांची तुलना करून कवितेला दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. कवितेच्या वेळी मगीने लढाई पाहिलीही नव्हती. ती त्याने ८ नोव्हेंबर १९४१ रोजी पाहिली. फ्रान्समधील लील येथे हल्ला करणाऱ्या बॉम्बफेकी विमानांच्या संरक्षणासाठी तो गेला आणि त्याच्या चार विमानांच्या तुकडीतून तो एकटाच परत आला. त्यानंतर त्याने ‘पेर आर्दुआ’ ही आणखी एक कविता लिहून घरी पाठवली. हवाई दलाच्या ब्रीदवाक्याचा आधार घेणाऱ्या त्या कवितेत मरण पावलेले सहकारी आहेत, युद्ध आहे. कविता म्हणून ती ‘हाय फ्लाइट’पेक्षा जड आणि अलंकारिक आहे, हे मान्य करावे लागते. तरीही मृत्यूचे स्मरण करण्यासाठी त्याने स्वतः लिहिलेली कविता ती आहे, आणि स्मरणासाठी जगाने निवडली ती दुसरीच.

आणखी एक वगळणूक नोंदवली पाहिजे. मगीच्या विमानाशी ज्या विमानाची टक्कर झाली ते क्रॅनवेलहून आलेले प्रशिक्षण विमान होते. ज्या संस्थेच्या परिसरात ‘इकॅरस’ हे संकलन सिद्ध झाले, तीच ही जागा. ते विमान चालवणारा अर्नेस्ट ऑब्री ग्रिफिन हा शिकाऊ वैमानिकही त्याच क्षणी मरण पावला. त्याच्याही घरी तार गेली असणार. कविता मागे ठेवून गेलेल्याचे नाव उरते आणि दुसऱ्याचे चरित्राच्या तळटीपेत जाते. वाङ्मयाने केलेली ही विषमता आहे, आणि ती स्पष्ट शब्दांत कबूल करणे हेही वाङ्मयसमीक्षेचे काम आहे.

७

तुलनेसाठी दोन उदाहरणे पुरेशी आहेत. लेडी ग्रेगरीचा मुलगा मेजर रॉबर्ट ग्रेगरी २३ जानेवारी १९१८ रोजी इटलीत विमान कोसळून मरण पावला. येट्सने त्याच्यावर चार कविता लिहिल्या. त्यांपैकी ‘ॲन आयरिश एअरमन फोरसीज हिज डेथ’ या कवितेत येट्सने मृत वैमानिकाला स्वतःचा आवाज दिला आणि त्याच्या तोंडून देशप्रेम, कर्तव्य, लोकांचा जयजयकार ही सारी सार्वजनिक कारणे नाकारली. मगीच्या बाबतीत याच्या उलट घडले: आवाज त्याचा होता, कारणे इतरांनी पुरवली. येट्सची चौथी कविता, ‘रिप्रायझल्स’, आयर्लंडमधील ब्रिटिश अत्याचारांच्या संदर्भात रॉबर्टच्या मृत्यूचे प्रयोजनच प्रश्नांकित करते. कुटुंबीयांच्या भावनांचा विचार करून ती प्रसिद्ध केली गेली नाही. १९४८ मध्ये, येट्सच्या पश्चात, ती छापून आली. मृताविषयी लिहिताना कुटुंबाचा शब्द कुठवर मानावा, हा प्रश्न येट्ससारख्या कवीलाही टाळता आला नाही.

दुसरे उदाहरण रँडल जॅरलचे. बॉम्बफेकी विमानाच्या पोटाशी टांगलेल्या गोलकात बसणाऱ्या बंदूकधाऱ्याच्या मृत्यूवरील त्याची पाच ओळींची कविता १९४५ ची. तिथेही आकाश आहे, तिथेही मृत स्वतः बोलतो. पण आईची झोप आणि राज्यसंस्थेचे पोट या दोहोंमध्ये त्याला स्वतःचे आयुष्य मिळालेलेच नाही. ती कविता कोणत्याही राष्ट्राला आपल्या स्मारकावर कोरता येणार नाही, कारण विनियोगाला विरोध करण्याची व्यवस्था तिने आपल्या रचनेतच करून ठेवली आहे. ‘हाय फ्लाइट’ने ती केलेली नाही. तिला कोणाचा संशयच नाही. घरी लिहिलेल्या पत्रात संशय असण्याचे कारणही नव्हते.

तात्पर्य, ‘हाय फ्लाइट’ हे थोर सुनीत नाही. त्यात गतीची अस्सल जाण आहे, उसने शब्द आहेत, आणि कोवळ्या वयाचा निर्भेळ उल्हास आहे. या उल्हासालाच तिचे मोल मानले पाहिजे. स्वायत्ततेचा आग्रह धरणारी समीक्षा तिच्यातील उसनवारी दाखवून थांबेल. चरित्रवादी समीक्षा मृत्यूच्या प्रकाशात तिला नसलेली खोली देईल. तिसरी वाट अशी की कविता पुन्हा त्या पत्रासोबत वाचावी: त्यातील ‘तुम्ही’ ज्यांना उद्देशून आहे त्यांच्या जागी क्षणभर बसून, आणि ते स्थान आपले नाही याचे भान ठेवून. असे वाचले असता ही कविता मृत्यूविषयी काहीच सांगत नाही. ती सप्टेंबर १९४१ मधल्या एका दिवशी जिवंत असलेल्या मुलाविषयी सांगते, जो नुकताच जमिनीवर उतरला आहे आणि घरी पत्र लिहायला बसला आहे. त्याचे स्मरण करावयाचे तर निदान तेवढे उतरणे त्याला परत द्यावे.